मुदत किती, आणि मोडायची कुणी?

(मुरुड तालुक्यात ‘मुली आणि खेळ’ या विषयावर एक दिवसाचा मेळावा झाला. त्यात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मला सांगितलं होतं, मुलींना खेळात मिळणाऱ्या संधींवर बोला. पण संधीवर सगळेच बोलतात. शाळेच्या क्रीडादिनाला पाहुणे येतात, तेही संधीवरच बोलतात आणि नारळ घेऊन जातात. मला आज कागदावर बोलायचं आहे. संधी ज्या कागदावर लिहून घरी येते, त्या कागदावर.

आपल्या मुली आता खेळतात आणि चांगल्या खेळतात. गावोगावच्या रात्रीच्या सामन्यांत पोरींची कबड्डी बघायला माणसं थांबतात. त्यामुळे सोळाव्या-सतराव्या वर्षी काहीजणींच्या घरी करार येऊ लागले आहेत. कुणाला अकरा महिन्यांचा, कुणाला चार-पाच वर्षांचा. तो घरात कुणाला वाचता येत नाही असं नाही. पण त्यात नेमकं काय बघायचं हे माहीत नसतं. मग बाप माझ्याकडे येतो आणि एकच विचारतो, “बाई, लांबचा बरा की जवळचा?”

हा प्रश्न आपल्या किनाऱ्याला नवा नाही. इथे बसलेल्या कितीतरी घरांत खलाशी आहेत. जून आणि जुलै मासेमारी बंद. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला होड्या निघतात, पण खलाशाची बोलणी त्याआधीच झालेली असतात. नाखवा उचल देतो, आणि उचल घेतली की हंगाम बांधला गेला. मधेच दुसऱ्या होडीवर जास्त मिळत असलं तरी जाता येत नाही. आधी उचल फेडा, मग जा. आणि होडीच बंद पडली तर? खलाशाच्या हाताला दोर लागून बोटं गेली तर? त्याचं उत्तर नाखव्याच्या मर्जीवर. त्या घरातल्या बाईला हे सगळं ठाऊक असतं, कारण उचलीचे पैसे संपल्यावर चूल तिलाच पेटवायची असते.

मी आज एवढंच सांगायला उभी आहे की खेळाडू मुलीचा करार याहून वेगळा नाही. मुदत किती हा त्यातला दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, ती मुदत मोडायचा हक्क कुणाला आहे?

माझे अकरा महिने

आधी माझंच सांगते. नव्वदच्या दशकात मी मुंबईतल्या एका आस्थापनेच्या संघातून खेळत होते. नाव घेत नाही, नावाने काही बदलत नाही. मला दरवर्षी अकरा महिन्यांची ऑर्डर मिळायची. एक महिना खंड, मग नवी ऑर्डर. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट अभिमान होता. खारेपाटातली पोर चर्चगेटला उतरते, ओळखपत्र दाखवून आत जाते, संध्याकाळी मैदानात सराव करते. पुरुषांच्या संघातल्या मुलांना त्याच खेळावर कायम नोकऱ्या होत्या. आम्हाला सांगत, “मुलींचं काय, लग्न झालं की सोडणारच.”

चार ऑर्डरी झाल्या. पाचव्या वर्षी एका सामन्यात पकड करताना गुडघा फिरला. त्या दिवशी माझ्या ऑर्डरीचे पाच आठवडे शिल्लक होते. त्या पाच आठवड्यांचं मानधन मला प्रामाणिकपणे मिळालं. पुढची ऑर्डर आली नाही. कुणी मला काढून टाकलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. फक्त टपाल आलं नाही. आमच्या घरी पोस्टमन महिन्यातून एकदा यायचा, आणि माझी आई दोन महिने त्याची वाट बघत ओटीवर बसायची.

छोट्या मुदतीच्या कराराचं हेच आहे. तो मोडावा लागत नाही, तो आपोआप संपतो. त्यामुळे कुणी अन्याय केला असंही दाखवता येत नाही. आपल्यातल्या अंगणवाडीच्या, आशाच्या, कंत्राटी नर्सेसच्या बायांना हे मी समजावून सांगायला नको.

मी दिलेला चुकीचा सल्ला

या अनुभवाने माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली की मुदत जेवढी लांब तेवढी मुलगी सुरक्षित. आणि त्या समजुतीने मी एका मुलीचं नुकसान केलं. ती आज इथे, या सभागृहात बसली आहे. तिला विचारूनच सांगते आहे.

२०१६ च्या जून-जुलैत पुरुषांच्या प्रो कबड्डीच्या जोडीने टीव्हीवर महिलांची स्पर्धा झाली. तीन संघ होते, फायर बर्ड्स, आइस दिवाज आणि स्टॉर्म क्वीन्स. अंतिम सामना स्टॉर्म क्वीन्सने एका गुणाने जिंकला. एका संघाची कर्णधार मुंबईची अभिलाषा म्हात्रे होती, अर्जुन पुरस्कार मिळालेली. आमच्या गावात समाजमंदिरात टीव्ही लावून बायांनी ते सामने पाहिले. त्या वर्षी आमच्या अंगणात सरावाला येणाऱ्या मुली दुप्पट झाल्या.

त्याच सुमाराला आमच्या एका मुलीकडे पाच वर्षांचा करार आला. एका खाजगी प्रायोजकाचा. ती नुकती अठरा पूर्ण झाली होती. घरचे कचरत होते. मी म्हटलं, “सही कर. लेखी आहे, पाच वर्षांची हमी आहे. मला अशी मिळाली असती तर!” मी तो करार वाचला होता. पण मी त्यात फक्त आकडे वाचले, पाच वर्षं आणि दरमहाची रक्कम.

त्यात पुढे असं होतं की पाच वर्षं तिने त्यांच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कुठल्याही संघातून खेळायचं नाही. प्रायोजकाला तीस दिवसांची नोटीस देऊन करार संपवता येईल. तिला मात्र संपवता येणार नाही. आणि दरमहाची रक्कम ‘स्पर्धा असतील त्या काळात’.

महिलांची ती स्पर्धा त्या रूपात पुन्हा झाली नाही. पुरुषांची मात्र २०२५ साली बाराव्या हंगामापर्यंत पोचली. स्पर्धा नाही म्हणून तिचे पैसे थांबले. पण करार संपला नाही, कारण संपवायची त्यांना गरजच नव्हती. तिला दुसऱ्या संघाने बोलावलं, तेव्हा ना-हरकत दाखला मागितला. तो मिळेना. पत्रं झाली, फेऱ्या झाल्या. शेवटी आपल्याच एका वकील मैत्रिणीने कडक शब्दांत नोटीस लिहिली, तेव्हा दाखला आला. तोवर दोन वर्षं गेली होती. एकोणीस आणि वीस ही चढाई करणाऱ्या खेळाडूची कसली वर्षं असतात, ते खेळलेल्या बाईलाच कळेल. मधल्या काळात घरच्यांनी “नाहीतरी खेळत नाहीस” म्हणून तिचं लग्न जमवलं.

खूप दिवसांनी ती मला एवढंच म्हणाली, “बाई, तुम्ही वाचला होतात ना तो कागद?”

मैत्रिणींनो, अकरा महिन्यांच्या करारात मला उद्याची खात्री नव्हती. पाच वर्षांच्या करारात तिला आजचीही नव्हती. मुदत वेगळी, पण दोन्हीकडे दार उघडायची किल्ली समोरच्याच्या हातात. मला हे कळायला वीस वर्षं आणि एका मुलीची दोन वर्षं लागली.

हॉकीचे उघड आकडे

कबड्डीतले मुलींचे व्यवहार बहुतेक बंद दाराआड होतात. म्हणून शेजारच्या मैदानाकडे बघू. हॉकी इंडिया लीगचा लिलाव ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला. त्यात मुलींच्या संघांसाठी पहिल्यांदाच बोली लागली. पुरुषांच्या प्रत्येक संघाला खर्चायला चार कोटी, महिलांच्या संघाला दोन कोटी. पुरुषांत सर्वांत मोठी बोली हरमनप्रीत सिंगसाठी ७८ लाखांची, महिलांत उदितासाठी ३२ लाखांची. जानेवारी २०२५ मध्ये रांचीला चार महिला संघ खेळले. २६ जानेवारीला अंतिम सामना ओडिशा वॉरियर्सने २-१ असा जिंकला, आणि ते दोन्ही गोल आपल्या सातारा जिल्ह्यातल्या ऋतुजा पिसाळने केले. बक्षीस दीड कोटी. पुरुषांच्या विजेत्याला तीन कोटी.

निम्म्याचा हिशेब तुमच्या लक्षात आलाच असेल. मला त्यातली दुसरी गोष्ट दाखवायची आहे. पुरुषांची हीच लीग २०१३ ते २०१७ अशी पाच वर्षं चालली, मग बंद पडली, आणि २०२४ च्या डिसेंबर अखेरीस पुन्हा सुरू झाली. मधली सात वर्षं गेली. तेव्हा लीगच्या मुदतीवर विसंबून लांबची सही करणाऱ्याने आधी विचारावं, स्पर्धा थांबली तर माझं काय?

याउलट ओडिशा सरकारने २०१८ मध्ये भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही हॉकी संघांचं प्रायोजकत्व घेतलं. ते आधी २०३३ पर्यंत आणि पुढे २०३६ पर्यंत वाढवलं. एवढा लांबचा करार तिथे चालला, कारण दोन्ही बाजूंना बोलणी करायची ताकद होती. ताकद सारखी असेल तर लांबची मुदत दोघांनाही आधार देते. ताकद एकाच बाजूला असेल तर तीच मुदत दुसऱ्याला दावं होते.

सरकारी योजनेतही हे बघायला मिळतं. ‘खेलो इंडिया’त निवड झालेल्या मुलामुलींना जास्तीत जास्त आठ वर्षं मदत, आणि हातखर्चाला महिना दहा हजार रुपये. आठ वर्षं ऐकून बरं वाटतं. पण कामगिरीचा आढावा दरवर्षी होतो आणि नाव वगळलं जाऊ शकतं. म्हणजे कागदावर आठ वर्षं, हातात एकेक वर्ष. ती मदत वाईट आहे असं मी म्हणत नाही. आपल्या मुलींनी जरूर घ्यावी. फक्त तिच्या भरवशावर शाळा सोडू नये.

परदेशातलं एक उदाहरण मात्र मला फार महत्त्वाचं वाटतं. अमेरिका आणि कॅनडात बर्फावरच्या हॉकीची महिलांची नवी लीग १ जानेवारी २०२४ ला सुरू झाली. पण त्याआधी, २०२३ मध्येच, खेळाडूंच्या संघटनेने मालकांशी सामूहिक करार केला, तो २०३१ पर्यंतचा. किमान वार्षिक पगार ३५ हजार डॉलर. प्रत्येक संघाने निदान सहा खेळाडूंना तीन वर्षांचा करार द्यायचा, आणि तो वर्षाला ८० हजार डॉलरपेक्षा कमी नको. पगार दरवर्षी तीन टक्क्यांनी वाढायचा. पहिला सामना व्हायच्या आधी त्यांनी हे लिहून घेतलं. त्या बायका यापूर्वी वर्षानुवर्षं जवळपास फुकट खेळल्या होत्या आणि दोन लीग त्यांच्या डोळ्यादेखत बंद पडल्या होत्या. म्हणून त्या एकेकट्या सही करायला गेल्या नाहीत.

इथे मला आपला चरीचा संप आठवतो. १९३३ ते १९३९, सहा वर्षं, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली अलिबाग तालुक्यातल्या कुळांनी जमीन कसली नाही. एकेकट्या कुळाने खोतासमोर उभं राहून काय मिळवलं असतं? त्या संपात बायांनी जंगलातली लाकूडफाटी विकून घरं चालवली. इतिहासाच्या पुस्तकात ते एका ओळीत येतं.

कायदा काय म्हणतो

कायद्याचं थोडक्यात सांगते. तपशिलात वकील मैत्रिणी दुपारच्या सत्रात बोलतील.

पहिली गोष्ट, अठरा पूर्ण व्हायच्या आत मुलीने केलेला करार कायद्याने मुळातच रद्दबातल असतो. हे १९०३ पासून प्रिव्ही कौन्सिलच्या निकालाने ठरलेलं आहे. मग बाप सही करतो, पण तिनेही भागत नाही. १९४९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात राजराणी नावाच्या अज्ञान मुलीचा खटला आला होता. तिच्या वडिलांनी चित्रपट निर्मात्याशी तिच्या कामाचा करार केला होता. निर्मात्याने तो मोडला. ती भरपाई मागायला गेली, तर कोर्ट म्हणालं, हा करारच होऊ शकत नाही. म्हणजे हे दुधारी आहे. संघ तुमच्या सतरा वर्षांच्या मुलीला बांधू शकत नाही, पण पैसे थकले तर तिलाही त्या कागदाच्या जोरावर मागता येत नाहीत.

पालक म्हणून आई चालते का, असं विचारतात. गीता हरिहरन यांच्या खटल्यात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वडील जबाबदारी घेत नसतील, तर ते हयात असतानाही आई ही नैसर्गिक पालक असू शकते. तेव्हा “बाबांना विचारून सांगतो” हे प्रत्येक घराला लागू नाही.

दुसरी गोष्ट, मुदत संपल्यावरही खेळाडूला बांधून ठेवणारं कलम चालत नाही. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने २००० साली, बाविसाव्या वर्षी, एका कंपनीशी तीन वर्षांचा करार केला होता. मुदत संपल्यावर दुसऱ्या कुणाशी करार करायचा तर आधी आम्हाला विचारायचं, असं त्यात होतं. तोवर झहीर मोठा खेळाडू झाला होता. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम करार कायद्याच्या २७ व्या कलमाखाली निरर्थक ठरवलं. पण मुदतीच्या आतली बंधनं कोर्ट सहसा मान्य करतं. म्हणूनच मुदत लांब असेल तर आतली बंधनं दहादा वाचायची.

तिसरी गोष्ट शब्दांची. कागदावर ‘वेतन’ नसतं, ‘मानधन’ असतं, ‘शिष्यवृत्ती’ असते. हा शब्द मुद्दाम येतो, म्हणजे तुम्ही नोकर नाही असं म्हणता येतं. पण अंगणवाडीच्या बायांनाही मानधनच म्हणत होते, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तेव्हा शब्दाला घाबरून जायचं नाही. बाळंतपणाच्या बाबतीतही तसंच. २६ आठवड्यांच्या भरपगारी रजेची तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने आली, आता ती सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. आणि कंत्राटाची मुदत मधेच संपली तरी हा लाभ तोडता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका कंत्राटी डॉक्टर बाईच्या खटल्यात सांगितलं. खेळाडूच्या करारात हे आपणहून कुणी लिहीत नाही. लिहून घ्यावं लागेल.

आणि शेवटचं, पण सर्वांत आधी बघायचं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मैदान, स्टेडियम, क्रीडासंकुल, सरावाचं निवासी ठिकाण या सगळ्यांना लागू आहे. कंत्राटी, हंगामी, प्रशिक्षणार्थी, सगळ्या बायांना लागू आहे. जानेवारी २०२३ मध्ये कुस्तीगीर मुली जंतरमंतरवर बसल्या, तेव्हा साऱ्या देशाने पाहिलं की ज्याच्या हातात निवड असते त्याच्याविरुद्ध बोलणं किती महाग पडतं. ज्या मुलीचा करार दर अकरा महिन्यांनी एका माणसाच्या सहीने वाढतो, ती त्या माणसाविरुद्ध तक्रार करील का? आणि जी पाच वर्षं सोडूनच जाऊ शकत नाही, तिने कुठे जायचं? मुदतीचा प्रश्न हा मुलीच्या अब्रूचा नव्हे, तिच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

आईने शिकवलेलं

आता आजची गोष्ट. आमच्या अंगणातली एक मुलगी सतरा वर्षांची आहे. डाव्या कोपऱ्यात अशी पकड करते की मला माझा गुडघा विसरायला होतं. तिच्याकडे दोन करार आले आहेत. एक अकरा महिन्यांचा, रोख मानधन बरं. दुसरा चार वर्षांचा, एका निवासी केंद्राचा. राहणं, खाणं, कॉलेजची फी, पण हातात रक्कम थोडी.

मागच्या अनुभवाने पोळलेली मी. मी लगेच म्हटलं, चार वर्षं नको, अकरा महिनेच बरे. उद्या चांगलं मिळालं तर मोकळी राहील.

तिची आई मासळीची पाटी घेऊन बाजारात बसते. ती माझ्यापुढे बोलत नाही सहसा. त्या दिवशी बोलली. म्हणाली, “बाई, अकरा महिन्यांनी ती घरी येईल ना, तेव्हा माझा दीर स्थळ घेऊन उभा असेल. चार वर्षांचा कागद असला तर मी सांगेन, सही केली आहे, मोडता येत नाही.”

मी गप्प झाले. मी इतकी वर्षं संघाच्या कराराबद्दल विचार करत होते. मुलीचा आणखी एक करार असतो, घरातला. त्यावर कुणी सही केलेली नसते आणि त्याची मुदत असते ‘लग्न ठरेपर्यंत’. तो बापाला, काकाला, भावाला कधीही मोडता येतो. मुलीला येत नाही. ती आई एका कागदाची ढाल करून दुसऱ्या कागदापासून पोरीला वाचवू बघत होती. लांबची मुदत मुलीसाठी काय असू शकते, हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

मग आम्ही सातजणी तिच्या ओटीवर बसलो. ती पाच वर्षांच्या करारवाली मुलगीही आली, लेकराला मांडीवर घेऊन. तिने पेन्सिल घेतली आणि एकेक कलमावर खुणा केल्या. आम्ही जे प्रश्न काढले ते सांगते. लिहून घ्या.

हा करार कोण मोडू शकतं, आणि दोघांना सारखीच नोटीस आहे का? दुखापत झाली तर औषधोपचार कोण करील, आणि बरी होईपर्यंत पैसे चालू राहतील का? स्पर्धा झाली नाही तर पैसे मिळतील का? दुसऱ्या संघाने बोलावलं तर ना-हरकत दाखला किती दिवसांत मिळेल? रक्कम दरवर्षी वाढेल का? शिक्षण चालू राहील का, परीक्षेला सुट्टी मिळेल का? लग्न, बाळंतपण यामुळे करार संपतो असं कुठे लिहिलं आहे का? तक्रार समिती कुठे आहे, तिच्यात बाहेरची बाई कोण आहे? आणि कराराची सही केलेली प्रत मुलीच्या हातात मिळेल का?

नऊ प्रश्न. दोन्ही करारांत मिळून तिघांचीच उत्तरं सापडली.

आम्ही निवासी केंद्राला पत्र लिहिलं. आमची मागणी अशी की चार वर्षं ते बांधलेले राहतील. मुलगी मात्र दर वर्षाच्या शेवटी तीस दिवसांची नोटीस देऊन मोकळी होऊ शकेल. कुणी म्हणेल, हे एकतर्फी झालं. हो, झालं. सतरा वर्षांची मुलगी आणि एक संस्था यांच्यात ताकद सारखी नाही, तेव्हा कागदाने थोडं मुलीकडे झुकावं. पुरुषांच्या स्पर्धांत नव्या मुलांना ठरलेल्या रकमेत काही हंगाम बांधून घेतात. त्यातला एखादा पहिल्याच वर्षी चमकला तरी त्याला थांबावं लागतं. ती पद्धत आपल्या मुलींच्या वाट्याला आयती येण्याआधी आपण आपला कागद लिहायला शिकू.

त्यांचं उत्तर आलं आहे. दुखापतीचा खर्च मान्य, शिक्षण मान्य, आईची सही मान्य. वर्षाअखेर सुटण्याचं कलम मान्य नाही. “इतर पालक असं काही मागत नाहीत,” असं लिहिलं आहे.

हे वाक्य मी तुमच्यापुढे ठेवायला आले आहे. इतर पालक मागत नाहीत, कारण प्रत्येक पालक एकटा जातो. उरणला एक, पेणला एक, श्रीवर्धनला एक. आपल्या गटांनी या किनाऱ्यावरच्या खेळणाऱ्या मुलींच्या आया एकत्र आणल्या आणि सगळ्यांनी हेच नऊ प्रश्न विचारले, तर हे वाक्य त्यांना पुन्हा लिहिता येणार नाही. प्रत्येक तालुक्यात करार वाचून देणारी निदान एक बाई तयार करू. पहिलं नाव त्या पेन्सिलवालीचं लिहून घ्या, ती तयार आहे.

आमच्या मुलीला अठरा पूर्ण व्हायला अजून थोडे दिवस आहेत. आम्ही केंद्राला कळवलं आहे की तोपर्यंत सही होणार नाही. ज्या दिवशी ती सज्ञान होईल त्या दिवशी ती स्वतः वाचेल आणि स्वतः ठरवील. जागा दुसऱ्या मुलीला जाण्याचा धोका आहे. तो मी तिला स्पष्ट सांगितला. दीर स्थळ घेऊन येण्याचा धोका आहे, तो तिच्या आईला माझ्याहून जास्त माहीत आहे. मुलगी म्हणाली, “थांबते. पण सराव थांबवायचा नाही.”

उद्या सकाळी साडेपाचला आमचा सराव आहे. मला शेवटची एसटी गाठायची आहे. तेव्हा इथेच थांबते.